वीस गुंठे: एका कथेच्या खर्ड्याचं प्रकरण

विमल, वय एकतीस, दहावी पास. गाव पांढरकवड्याच्या बाजूचं, जिल्हा यवतमाळ. घरात सासू, धाकटा देर, त्याची बायको, त्यांचा मुलगा आणि विमलची दोन लेकरं: मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. नणंद वणीकडे दिलेली. जमीन आठ एकर, सगळी कोरडवाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये, कापूस पहिल्या वेच्याला आलेला असताना, विमलच्या नवऱ्यानं जीव दिला. कथा तिथून सुरू होते. विमल कल्पित आहे, तिचं गावही कल्पित. तिच्यापुढे येणारा कायदा, कागद आणि बाजारभाव मात्र खरे आहेत. हा अभ्यास या दोन गोष्टींच्या सांध्याचा आहे, कारण अशा कथा बहुतेक वेळा तिथेच निखळतात.

पहिला खर्डा नेहमीच्या वाटेनं गेलेला. बांगड्या फुटतात, त्याला दीड पान. तेराव्याला सावकार दारात उभा. तहसीलदार एक लाखाचा चेक देतात आणि फोटो निघतो. देर घराबाहेर काढतो. विमल पदर खोचते, नांगर धरते, गाव तोंडात बोट घालतं. ग्रामसभेत ती अडीच पानं बोलते. शेवटी सूर्य उगवतो.

यातलं एकही दृश्य सर्वस्वी अशक्य नाही. पण साऱ्या खर्ड्यात विमल असा एकही निर्णय घेत नाही, ज्याच्याखाली तिची सही लागते. ती सोसते, मग एकदम तळपते. मधली पायरीच नाही. तिच्या हातात नेमकं किती आहे हे लेखकानं मोजलेलं नाही, म्हणून ती ते धरून कशी ठेवते हेही त्याला दाखवता आलेलं नाही. मोजायला बसलं की कथा वेगळीच निघते.

आठ एकरांत विमल कुठे?

खर्ड्यात एक वाक्य आहे: ‘नवऱ्याची चार एकर आता तिची होती.’ दोन भाऊ, आठ एकर, म्हणून चार-चार. गावातही हिशोब असाच बोलला जातो. कागदावर तो तसा नाही.

लेखकानं पहिल्यांदा ठरवायचं ते हे की जमीन सासऱ्यानं स्वतः घेतलेली की वाडवडिलांकडून आलेली. वडिलोपार्जित असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२०चा निकाल यांमुळे मुलगीही जन्मानं सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, ठरते आणि वाटणीचं गणित निराळं होतं. सासरा जिवंत असेल आणि जमीन त्याच्या स्वतःच्या कमाईची असेल, तर विमलला आज काहीच नाही. तो मृत्युपत्र करून तिला पुढेही वगळू शकतो. म्हणजे कथेच्या पहिल्याच पानावरचं ‘सासरे अंगणात बसले होते’ हे साधं वाक्य नायिकेचा सगळा हक्क पुसून टाकू शकतं.

आपल्या प्रकरणात सासऱ्यानं आठ एकर खरेदीखतानं घेतली आणि तो २००६ साली मृत्युपत्र न करता वारला, असं धरू. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं पहिल्या वर्गाचे वारस सारख्या हिश्शाचे. सासू, दोन मुलगे, एक मुलगी, असे चार वाटे. एकराचे चाळीस गुंठे धरले तर ३२० गुंठ्यांतून प्रत्येकी ८०. नवऱ्याची जमीन चार एकर कधी नव्हतीच, दोन होती. आता ते ८० गुंठे पुन्हा वाटायचे: विधवा, मुलगा, मुलगी आणि मृताची आई. आई हीसुद्धा पहिल्या वर्गाची वारस आहे, हे निम्म्या लेखकांना माहीत नसतं. प्रत्येकी वीस.

तर आठ एकरांचा शेवटचा हिशोब असा पडतो: सासू शंभर गुंठे, देर ऐंशी, नणंद ऐंशी, विमल वीस, मुलगा वीस, मुलगी वीस. नायिकेच्या स्वतःच्या नावावर अर्धा एकर.

वीस गुंठ्यांत काय पिकतं? कोरडवाहू कापूस एकरी चार-पाच क्विंटल धरला तर दोन-अडीच क्विंटल. २०२४-२५ हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता, म्हणजे हाती पंधरा ते एकोणीस हजार. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी जायची. या पैशांत कोणी गावाचं तोंड बंद करत नाही. ‘शेतीतून तिनं संसार पुन्हा उभा केला’ असा शेवट या आकड्यांवर बसत नाही, आणि बसवला तर यवतमाळचा वाचक पुस्तक मिटून ठेवतो.

मात्र याच हिशोबानं कथेतली माणसं जागची हलतात. सगळ्यात मोठी वाटेकरी सासू निघते, जी पहिल्या खर्ड्यात नुसती खाटेवर कण्हत होती. नणंद देराच्या बरोबरीची निघते, आणि तिच्या वाट्याला खर्ड्यात दोन ओळींचं रडणं आलं होतं. विमलच्या घरातली साठ गुंठे जमीन तीन नावांत विभागलेली आहे, त्यातली दोन नावं लेकरांची. ही शेवटची गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

पहिले तेरा दिवस

मृत्यू कसा झाला याचं वर्णन करू नये. कथेला त्याची गरज नाही, आणि तशाच टोकाला आलेल्या वाचकासाठी ते घातक ठरू शकतं. त्याऐवजी मागून जे सुरू होतं ते लिहावं, कारण ते कुणी लिहीत नाही. पोलिस अकस्मात मृत्यूची नोंद घेतात, लोक तिला ‘मर्ग’ म्हणतात. जुलै २०२४ पासून ही नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पंचनामा, शवविच्छेदन, जबाब. जबाबात ‘कर्ज होतं का’ या प्रश्नाला घरचं कोण काय सांगतं यावर पुढे मदतीचं प्रकरण हलतं. बरेचदा हा जबाब देर किंवा शेजारी देतो, ‘दारूच्या नादानं केलं’ असं बोलून जातो, आणि विमलला ते तीन महिन्यांनी कळतं. खर्ड्याला खलनायक हवा होता. त्यानं देराला दारात काठी घेऊन उभं केलं. एका वाक्याचा हा जबाब त्या काठीपेक्षा खोल लागतो, शिवाय देणाऱ्याच्या मनात वाईट असायचीही गरज नाही.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत व्हायला हवी. दाखला वेळेत काढला नाही तर विलंबशुल्क, पुढे परवानग्या, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. पुढचा प्रत्येक अर्ज या एका कागदावर उभा असतो. त्याच्या पाच-सहा प्रती काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणारी विमल दाखवली तर ती बाई कशी आहे ते न सांगता कळतं.

बांगड्यांचं दृश्य दोन ओळींवर आणावं. मराठी कथा सव्वाशे वर्षं या दृश्यावर रडलेली आहे. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य शासनानं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. त्यामुळे आजच्या कथेत एक चमत्कारिक शक्यता आहे: ग्रामपंचायतीच्या फायलीत ठराव लावलेला आणि त्याच गावात दहाव्या दिवशी कुंकू पुसायला बाया जमलेल्या. पण तो कथेचा कणा होऊ शकत नाही, कोपऱ्यातला तपशील म्हणूनच तो चांगला आहे.

या तेरा दिवसांत खरी घडामोड वावरात होते. बोंडं फुटलेली आहेत, विमल घरात बसलेली आहे. देर बाया लावून वेचणी करतो, कापूस खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, देतो, पावती नाही. ‘किती झाला?’ हे विचारायचं कसं? सुतकात पैशाचं विचारणारी बाई गावाच्या तोंडी कशी येते हे विमलला माहीत आहे. वेचणाऱ्या बायांनी ओट्या कुठे रित्या केल्या, कोणाच्या ओसरीवर ढीग लागला, हे ती भिंतीआडून ऐकते. दिवसाला एक बाई वीस-तीस किलो वेचते, बाया किती होत्या आणि दिवस किती लागले हे लेकीकडून कळतं. मनातल्या मनात होणारी ही बेरीज हे विमलच्या बळाचं पहिलं दृश्य. त्यात ती एक शब्द बोलत नाही.

एक लाखाचा घोळ

आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसाला राज्य शासन एक लाख रुपये देतं. पहिल्या खर्ड्यात ते तेराव्याच्या आत येतात. वस्तुस्थिती अशी की प्रकरण तहसीलमधून जिल्ह्याच्या समितीपुढे जातं आणि तिथे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शिक्का बसतो. पात्र ठरायला मृत व्यक्तीच्या किंवा तिच्या कुटुंबातल्या कुणाच्या नावे शेतजमीन लागते, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज लागतं, आणि आत्महत्या त्या थकबाकीपोटी झाली असं दिसावं लागतं. मंजूर लाखातले तीस हजार लगेच हाती येतात, सत्तर हजार ठेवीत अडकतात.

विमलच्या नवऱ्याचं कर्ज कसं होतं हे लेखकानं नीट मांडायला हवं. सोसायटीचं पीककर्ज एकरी ठरलेल्या दरानं मिळतं. दोन एकरांवर दोन लाख कुणी देत नाही. इथे पंचेचाळीस हजार सोसायटीचे धरले. बाकी सव्वा लाख कृषी केंद्राची उधारी आणि गावातल्या एकाकडून हातउसने, महिन्याला शेकडा पाच. माणूस मेला तो या सव्वा लाखापायी, आणि निकषात तेच धरलं जात नाही. पात्रता मिळाली तर ती पंचेचाळीस हजारांमुळे. हा विरोधाभास एका संवादात सांगता येतो, त्यावर निबंध नको.

परवान्याशिवाय व्याजानं पैसे देणं हा २०१४च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम १८ नुसार सावकारीपोटी गेलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, जिल्हा निबंधक परत करवू शकतो. म्हणून ‘सावकारानं कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि जमीन गेली’ हा प्रसंग आजच्या काळात लिहायचा असेल तर पुढचा प्रश्न टळत नाही: विमलनं अर्ज का केला नाही? उत्तर असू शकतं. तोच सावकार तिच्या मुलीच्या शाळेचा रिक्षाही चालवत असेल. पण उत्तर कथेत हवं.

बाकी योजनांचं झटपट सांगायचं तर, गोपीनाथ मुंडेंच्या नावची शेतकरी अपघात योजना आत्महत्येला लागू नाही, तरी खर्ड्यांमध्ये तिचे दोन लाख हमखास येतात. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला पंधराशे, वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत दाखवणारा दाखला लागतो. दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभाचे एकरकमी वीस हजार. विमलच्या आयुष्यात नियमित येणारा पहिला पैसा हे पंधराशेच असतील, आणि ते तिच्या स्वतःच्या खात्यावर येतात. आजवर तिचं खातं होतं, त्यात येणारं काही नव्हतं.

पटवाऱ्याकडे गाळलेलं नाव

तलाठ्याला २०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं ठरलं आहे. विदर्भात लोक त्याला अजूनही पटवारी म्हणतात आणि कथेनंही तेच म्हणावं. वारसाची खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, महसूल संहितेचं कलम १४९. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा. पटवारी गाव नमुना सहा-क मध्ये वारस घेतो, फेरफार लिहितो, नमुना नऊची नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतो, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण सहा-अ च्या रजिस्टरात, म्हणजे तक्रारीत. नोंद चुकीची प्रमाणित झाली तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

इथे काय बिघडतं? अर्ज देर भरतो आणि वारसांत सासू, विमल, मुलगा एवढेच लिहितो. मुलगी नाही. त्यामागे कट असतोच असं नाही. ‘पोरीचं काय लिवायचं, उद्या लग्न होऊन जाईन’ ही सवय आहे. खुद्द नणंदेचं नाव २००६च्या वारसात लागलं ते एका काटेकोर पटवाऱ्यामुळे, आणि तिला ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

कथेतला पहिला खरा सामना हा असायला हवा. नमुना नऊची नोटीस घरी येते. विमल ती वाचते. ती दहावी शिकलेली आहे हे पहिल्या पानावर उगाच लिहिलं नव्हतं. पंधरा दिवसांत हरकत द्यायची की गप्प बसायचं? हरकत दिली तर देराच्या विरुद्ध कागद पडला असं गाव म्हणणार, आणि रात्री एकाच चुलीवर भाकरी टाकायच्या. ती सासूला सांगते. रडून वगैरे नाही, भाजी निवडताना सांगते, की तुमच्या नातीचं नाव राहिलं. सासूचं उत्तर काय असेल, इथे लेखकाचं कसब. एक पर्याय असा की सासू काहीच म्हणत नाही, पण दुसऱ्या दिवशी देराबरोबर स्वतः पटवाऱ्याच्या दप्तरात जाऊन बसते.

दुरुस्त सातबारावर लेकरांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई विमल’ असं उमटतं: अज्ञान (अल्पवयीन), पालनकर्ती. ही तीन अक्षरं कथेच्या मध्यावर वाचकाच्या डोळ्यांसमोर नीट आणून ठेवावीत. अर्थ लगेच सांगायची घाई नको.

हक्कसोड

फेब्रुवारी २०२५. देराला विहीर खोदायची आहे. बँक सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागते. दर वेळी बाकीच्या पाच नावांच्या मागे कोण फिरणार? त्यानं भावाच्या तेराव्याला खर्च केला, दवाखान्याचं भागवलं, आठ एकर एकटा राबतो. तो म्हणतो, कागद एकाच्या नावानं राहू द्या, तुम्हाला दोन घास कमी पडू देणार नाही. हे तो मनापासून म्हणतो. पहिल्या खर्ड्यातला दात-ओठ खाणारा देर लिहायला सोपा होता, त्याला नकार देणंही सोपं. या देराला नकार देणं अवघड आहे, म्हणून तो लिहिण्याजोगा.

हक्कसोडपत्राचं तंत्र असं. घरी पाचशेच्या बॉण्डवर लिहून सही घेतली म्हणून हक्क सुटत नाही. स्थावराचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. पटवाऱ्याकडे नुसती वर्दी देऊन नाव कमी करता येत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला न्यायचा, दंड भरून आणखी चार. कार्यालयात लिहून देणाऱ्यानं स्वतः हजर राहायचं, दोन साक्षीदार, आधार, फोटो, बोटाचा ठसा, आणि अधिकाऱ्यापुढे दस्त कबूल असल्याचं सांगायचं. ते कबूल केलं नाही तर दस्त नोंदला जात नाही.

कायद्यानं ठेवलेल्या या क्षणात नाट्याला पुरेपूर जागा आहे. त्या टेबलाशी विमलला कोणी ढकलत नाही, भाषणाचीही गरज नाही, एक प्रश्न आहे आणि हो-नाही एवढंच उत्तर आहे. ग्रामसभेतल्या अडीच पानांचं वजन इथे एका शब्दावर येतं.

तरीही तिला थेट ‘नाही’ म्हणायला लावू नये, कारण आधीची मोठी गोष्ट लेकरांच्या नावांत दडलेली आहे. १९५६च्याच हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ नुसार नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय देऊन टाकता येत नाही. दिली तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करवू शकतं. आणि न्यायालय परवानगी देतं ती मुलाच्या गरजेसाठी किंवा उघड फायद्यासाठी. काकाच्या विहिरीत मुलाचा फायदा दाखवणं सोपं नाही.

जुन्या खर्ड्यातला संवाद असा होता: ‘मी अबला नाही! माझ्या लेकरांचा हक्क मी मरेपर्यंत सोडणार नाही!’ त्या घरात, त्या ओसरीवर, यवतमाळच्या बोलीत असं कोणी बोलत नाही. नवा संवाद:

‘वयनी, कागद तयार हाय. उद्या तालुक्याले जाऊ.’
‘कोणाकोणाचं लिवलं त्यात?’
‘तुमचं अन् लेकराईचं. तुमीच सही करान दोघाईची.’
‘भाऊजी, माह्या सहीनं वीस गुंठे जाते. लेकराईचे चाळीस जात नाई. त्याले कोर्टाचा हुकूम लागते.’
‘कोणं सांगतलं?’
‘सातबाऱ्यावर लिवलं हाय. अपाक.’

मध्यावर ठेवलेली तीन अक्षरं इथे वाजतात. नेमकं सांगायचं तर सातबारावर ‘अ.पा.क.’ एवढंच असतं, कोर्टाचा हुकूम लागतो हे त्यात लिहिलेलं नसतं. ते तिला अर्ज लिहिणाऱ्याकडून किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत सल्ल्यातून कळलेलं असणार. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मदत मिळते. पण ‘कोणं सांगतलं’चं उत्तर तिनं खरं द्यायला हवं असं थोडंच आहे. देरापुढे वकिलाचं नाव काढलं असतं तर त्याच दिवशी चूल वेगळी झाली असती.

नणंद

तिलाही त्याच दिवशी सहीला बोलावलंय. ती यायला तयार आहे, कारण भाऊबीजेला माहेरचं दार उघडं राहायला हवं. बहिणी हक्कसोड करतात त्या बहुतेक याच एका कारणासाठी, आणि ‘बाईला तिचा हक्क माहीत नव्हता’ एवढ्यावर लेखकानं भागवू नये. कित्येकींना तो पक्का माहीत असतो. दोन एकर देऊन त्या भाऊ विकत घेतात.

विमलनं तिला समजावण्याचं दृश्य खर्ड्यात होतं, दोन पानांचं, बहिणाबहिणींच्या एकीचं. ते काढावं. त्याऐवजी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरचा बाक, टोकन नंबरची वाट पाहणं, डब्यातली भाकरी, आणि विमलचा एक प्रश्न: ‘ताई, कोणाच्या नावानं सोडून राहिल्या?’ हक्कसोड कुणाच्या लाभात हे दस्तात लिहावं लागतं. नणंदेला वाटत होतं, आपण ‘घराला’ सोडतोय. कागदात घर नावाचा कुणी नसतो, तिथे देराचं नाव आहे. मेलेल्या थोरल्या भावाच्या लेकरांचं नाही, आईचंही नाही. नणंद टायपिस्टकडे जाऊन दस्त वाचून घेते. मग चष्मा घरी राहिला म्हणते आणि वणीची बस पकडते.

ती पुन्हा येईल की नाही, आईच्या नावानं सोडेल की भावाच्या, हे कथेनं उघडं ठेवलेलं बरं. देर त्या दिवशी परत येतो तेव्हा मोटारसायकलवर फक्त विमल असते. बारा किलोमीटर कुणी बोलत नाही. हे बारा किलोमीटर लिहिता आले तर कथा सिद्ध.

वावरातलं थोडं

ऑक्टोबरात नांगर कुणी धरत नाही, कापूस उभा असतो. नांगरट उन्हाळ्यात, वखरणी त्यानंतर, लागवड मृगाचा पाऊस बसल्यावर. कापूस दोरी धरून डोबतात (सरकी टोकतात), बऱ्याच ठिकाणी ते बायाच करतात. म्हणजे विमलनं वावरात काहीतरी ‘पहिल्यांदा’ करायचं असेल तर नांगर शोधू नये. डोबणं, निंदण, वेचणी ती पंधरा वर्षं करते आहे. तिनं कधी न केलेल्या गोष्टी निराळ्या: कृषी केंद्रात उभं राहून स्वतःच्या नावानं बिल घेणं, फवारणीचा माणूस ठरवणं, काट्यावर कापूस मोजून पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, मागणं. २०२५च्या हंगामात संकरित बीटी कापसाचं पाकीट ९०१ रुपयांचं होतं. दीड एकराला दोन पाकिटं. दुकानदार नवऱ्याची जुनी उधारी काढतो. ती किती हे विमलला माहीत आहे. ती आधी बियाण्याचं बिल मागते.

जागा कोणती पेरायची हा पेच राहतोच. सातबारा सामाईक आहे, हिस्से ठरलेत पण धुरे (बांध) पडलेले नाहीत. सगळे सहधारक राजी असतील तर तहसीलदार महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून देतो. राजी नसतील तर दिवाणी दावा, आणि त्यात लेकरं सज्ञान होतील. सासू पांदणीकडची (शेतरस्त्याकडची) बाजू बोटानं दाखवते आणि म्हणते, तिथून चिंचेपर्यंत. ती जागा साठ गुंठ्यांपेक्षा थोडी जास्त भरते. का जास्त, हे सासू सांगत नाही, विमल विचारत नाही.

शेवट ऑगस्टमध्ये. उभ्या पिकाची नोंद करायचं ई-पीक पाहणीचं ॲप, देराच्या मुलाच्या मोबाइलवर. गट नंबर टाकला की खातेदारांची नावं एकाखाली एक येतात. आजवर तो पोरगा पहिलं दिसेल ते नाव दाबत आलाय. विमल त्याला थांबवते, खाली सरकव म्हणते. पांदणीच्या कडेला रेंज जाते, दोघं चिंचेखाली येतात, तिथे एक काडी दिसते. पीक: कापूस. क्षेत्र: ०.६० हेक्टर. फोटोत तिची सावली येते म्हणून पोरगा तिला बाजूला व्हायला सांगतो.